चार रोल आणि एक

विमानातून कॅमेऱ्याचं सामान नेणं हा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे, असं माझं फार दिवसांपासूनचं मत आहे. ऑफिसातले लोक लॅपटॉपची बॅग खांद्यावर टाकून मजेत गेटपर्यंत पोचतात. आपण मात्र ट्रेसमोर उभं राहून बॅगेतून एकेक वस्तू काढतोय. आधी बॉडी, मग दोन लेन्स, मग फ्लॅश, मग चार्जर, मग ती वायरींची गुंतवळ. मागच्या काकूंचा चेहरा हळूहळू लाल होत चाललाय. पलीकडे पोचल्यावर हे सगळं पुन्हा त्याच खाचांत बसवायचं, एका हाताने पँट सावरत, कारण बेल्ट अजून ट्रेमध्येच आहे.

गेल्या पंधरा वर्षांत या खेळाचे नियम मला बऱ्यापैकी पाठ झालेत. केबिन बॅग सात किलो. त्यातले दीड किलो एकटी ७०-२०० ची लेन्स खाते. ट्रायपॉड चेक-इनमध्ये टाकायचा. एकदा एका विमानतळावर सोडला, दुसऱ्यावर काठी म्हणून अडवला, आणि परत जाऊन चेक-इन करायला वेळ नसल्याने तो बिचारा तिथेच राहिला. सुट्या बॅटऱ्या मात्र बरोब्बर उलट, त्या केबिनमध्येच हव्यात. का, तर लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर पेटलेली बरी, सामानाच्या कप्प्यात कुणाला कळणार? १०० वॅट-तासांपर्यंत सहसा कुणी काही म्हणत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, पुढे बंदच. हे गणित अगदी सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्ट, १८६५ मिलीअँपिअर-तास, म्हणजे साडेतेरा-चौदा. असल्या सहा नेल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण उत्तरेतल्या एका विमानतळावर माझ्या फ्लॅशमधले चार साधे पेन्सिल सेल काढून घेऊन एका खोक्यात टाकले होते. त्या खोक्यात किमान दोनशे सेल असतील. अख्ख्या गावाच्या टीव्हीचे रिमोट चालले असते.

असो. हे सगळं रडगाणं यासाठी लावलं की मी या बाबतीत स्वतःला अनुभवी समजत होतो. मग जून २०२५ मध्ये मी पहिल्यांदाच फिल्मचे रोल घेऊन विमानात बसलो, आणि अनुभव बिनुभव सगळा गळून पडला.

थोडं मागे जावं लागेल. मी कसाऱ्याचा. मुंबईकरांना कसारा म्हणजे इंडिकेटरवर दिसणारा 'एन', लोकलची हद्द. नाशिककरांना कसारा म्हणजे घाट, आणि स्टेशनबाहेर 'नाशिक, नाशिक' ओरडणारे टॅक्सीवाले. या दोघांच्या मधे एक गाव आहे आणि तिथे माणसं राहतात, हे दोघांनाही फारसं ठाऊक नसतं :) घाटाचा चढ सदतिसास एक, त्यामुळे गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. आम्ही त्या इंजिनांच्या भोंग्यावर झोपलो आणि उठलो. पाऊस असा की जुलैमध्ये गादीला, कपड्यांना, पुस्तकांना सगळ्याला एकच वास येतो. फिल्मसाठी जगातली सगळ्यात वाईट जागा निवडा म्हटलं असतं तर मी कसाराच निवडला असता.

आणि तिथे बाबांचा फोटो स्टुडिओ होता.

स्टुडिओ म्हणजे काय, दहा बाय बाराचा गाळा. मागे निळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला अडकवलेला कंगवा. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, आणि उन्हाळ्यात लग्नं. खर्डी, डोळखांब, शहापूर, कधी मुरबाडच्या बाजूचीसुद्धा. एसटी जाईल तिथपर्यंत एसटीने, पुढे पायी, खांद्याला पेंटॅक्स के-१००० आणि फ्लॅशची पिशवी. पाड्यांवरच्या कित्येक लोकांचा जन्मात एकच फोटो निघायचा, तो लग्नातला. ब्लॅक अँड व्हाइट बाबा घरीच धुवायचे, मोरीत, लाल बल्ब लावून. त्या फिल्मच्या पाकिटावर 'इंदू' असं नाव असायचं, उटीच्या सरकारी कारखान्याची. कलर आले आणि मोरीचं काम संपलं. मग भरलेले रोल कल्याणच्या लॅबला जायचे, रोजच्या पास-होल्डर मंडळींपैकी कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून. प्रिंट चार दिवसांनी त्याच पिशवीतून परत.

१९९९ च्या मे महिन्यात एका सकाळी बाबा गेले. हार्ट अटॅक. मी नववीतून दहावीत गेलो होतो.

त्यानंतरचं सगळं जसं होतं तसंच झालं. काकांनी गाळा सोडवला, दिवे आणि एन्लार्जर विकला. कॅमेरा आईने दिला नाही. मी शिकलो, बंगळुरूला लागलो, पहिल्या पगारातून नाही पण दुसऱ्या वर्षीच्या बोनसमधून डीएसएलआर घेतला. आई कसाऱ्यालाच राहते. 'मला ते इंजिन ऐकू आलं नाही तर झोप लागत नाही' म्हणते.

तर जूनमध्ये चार दिवस गावी गेलो होतो, पावसाआधी कौलं शाकारायला. माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत चार रोल, प्रत्येक आपापल्या काळ्या डबीत, आणि बाबांची वही. वहीतली शेवटची नोंद: डोळखांबकडच्या एका पाड्याचं नाव, 'लग्न, ४ रोल, ठरले १४००, अॅडव्हान्स ५००'. पुढे 'बाकी' लिहून रकाना मोकळा.

मी आईला विचारलं, हे लोक कधी आले नाहीत का?

"आला होता ना नवरदेवाचा बाप. दहाव्याच्या आसपास. दारात उभा राहिला, घरातलं सगळं बघितलं, पाणी प्यायला आणि गेला. फोटोचं काही बोलला नाही. पाचशे रुपयेही मागितले नाहीत."

"मग तू रोल का नाही दिलेस त्यांना?"

"मला काय माहीत रे त्यात काय आहे? मला त्या डब्याला हातच लावावासा वाटला नाही."

सव्वीस वर्षं. १९९९ मध्ये पाड्यावरच्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या माणसाने ते सोडले, आणि लग्नाचे फोटोही सोडले. दुसरा फोटोग्राफर तर नव्हताच.

आता फिल्म धुणारे लोक भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला एक बंगळुरूला माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्याला फोन केला. तो म्हणाला, कलर म्हणून धुवू नका, इतक्या जुन्या रोलचे रंग गेलेले असतात. ब्लॅक अँड व्हाइटच्या केमिकलमध्ये धुऊ, काहीतरी हाती लागेल. आणि शेवटी एक वाक्य टाकलं: "एक्स-रेतून नेऊ नका."

इथे थोडं तांत्रिक. फिल्मला उजेड काय आणि क्ष-किरण काय, दोन्ही सारखेच. कणांवर ऊर्जा पडली की ते 'उघडले' गेले. शिवाय हा हिशोब साठत जातो. आज थोडं, उद्या थोडं, फिल्म काही विसरत नाही. केबिन बॅगेची जुन्या पद्धतीची मशीन सौम्य असते, १०० किंवा २०० आयएसओच्या रोलला एक-दोन फेऱ्यांत काही दिसण्यासारखं होत नाही. ८०० च्या पुढे धोका. चेक-इनच्या सामानाची मशीन मात्र तगडी, तिथे रोल टाकायचाच नाही, हे फिल्म कंपन्या गेली कित्येक वर्षं सांगतायत. आणि आता केबिनच्या सामानालाही सीटी स्कॅनर येऊ लागलेत, दवाखान्यातल्या सीटीसारखे, चहूबाजूंनी फिरून चित्र घेणारे. लॅपटॉप बाहेर काढायची कटकट संपते म्हणून आपण खूश, पण फिल्मचं त्यात वाटोळं. डिजिटल सेन्सरला आणि मेमरी कार्डाला यातलं काहीही होत नाही, तेव्हा तुम्ही निवांत राहा.

माझे रोल १०० आयएसओचे. म्हणजे पुस्तकी उत्तर: एका फेरीने काही होणार नाही. पण सव्वीस उन्हाळे-पावसाळे खाऊन त्यांच्यावर आधीच किती धुकं चढलं असेल याचा पत्ता नाही. आणि चित्र अगदी कडेवर लटकत असेल तर? नुसतं 'बहुतेक काही होणार नाही' या आधारावर मी प्रॉडक्शनला कोड टाकत नाही, इथे तर रोलबॅकची सोयच नव्हती.

"मग रेल्वेनं जा की," आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. कसाऱ्यातून कल्याण गाठायचं, उद्यान एक्सप्रेस पकडायची, चोवीस तासांत बंगळुरू. पण सोमवारी सकाळी आमचं रिलीज होतं आणि रविवार उजाडला होता. कुरिअरचा विचार केला, तर तेही शेवटी विमानानेच जाणार, आणि तिथे तर कोण माझ्यासाठी हात जोडणार? (रोल आईकडे ठेवून पुढच्या खेपेला रेल्वेने न्यायचे, हा पर्याय होताच. तो मला सुचला नाही असं नाही. मला धीर नव्हता, हे खरं.)

तेव्हा डब्या काढून चारही रोल एका पारदर्शक झिपच्या पिशवीत टाकले. असं केलं की तपासणाऱ्याला आत काय आहे ते लगेच दिसतं. शिशाच्या पिशव्याही मिळतात खास, पण मशीनवर ती पिशवी काळा ठोकळा म्हणून दिसते आणि मग हमखास बाजूला घेतात. निघताना आईने कॅमेरा हातात दिला, चामड्याच्या केससकट. "हा पण घेऊन जा. इथे बुरशीच लागणार."

कसारा लोकल, घाटकोपरला मेट्रो, मग रिक्षा. एक गंमत बघा. आमच्या लोकलमध्ये चढताना तुमच्या बोचक्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. माझ्या डब्यात त्या दिवशी दोन कोंबड्या, करवंदांच्या पाट्या आणि एक घासलेटचा वास येणारा कॅन होता. तीच माणसं, तेच शहर, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर दुसऱ्या दारात नेलकटरची चौकशी.

अर्थात चौकशी का होते ते माहीत आहे. आपल्याकडचे बरेचसे नियम कुठल्या ना कुठल्या भयंकर दिवसानंतर आलेत. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' पडलं, ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता, आणि टोरांटोला त्या दिवशी एक्स-रे मशीन बिघडलं होतं. त्यानंतर १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा ब्यूरो स्वतंत्र झाला. डिसेंबर १९९९ चं आयसी-८१४ झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून सीआयएसएफ विमानतळांवर आलं. आणि कॅमेऱ्याकडेच संशयाने का बघतात याचंही उत्तर आहे: ९ सप्टेंबर २००१ ला अफगाणिस्तानात अहमद शाह मसूदला मारलं ते पत्रकार बनून आलेल्या दोघांनी, स्फोटकं कॅमेऱ्याच्या सामानात लपवून. 'चालू करून दाखवा, एक फोटो काढून दाखवा' याच्या मागे हे सगळं आहे. मला त्याचा कधी राग आला नाही.

फोटो काढण्याच्या परवानगीचा मामला मात्र खरोखर मजेशीर आहे. विमानात प्रवाशाने फोटो काढायला २००४ पासून साधारण मुभा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना राणावत चंडीगडहून मुंबईला येत असताना विमानातच वार्ताहरांची झुंबड उडाली, तेव्हा डीजीसीएने आदेश काढला की असे नियमबाह्य फोटो निघाले तर ते उड्डाणच दोन आठवडे बंद. दुसऱ्या दिवशी खुलासा, की साध्या प्रवाशाने खिडकीतून ढग टिपायला हरकत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावानंतर हवाईदलाच्या तळांवर उतरता-चढताना दहा हजार फुटांपर्यंत खिडकीचे पडदे खाली आणि फोटो बंद असा आदेश आला होता. पुण्याचं लोहगाव हवाईदलाचंच, तिथे 'छायाचित्रण निषिद्ध'च्या पाट्या आपण पूर्वीपासून बघतोच. आणि सुरक्षा तपासणीच्या जागेचा फोटो तर कुठल्याच विमानतळावर काढायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर मी रांगेत. अहमदाबादच्या अपघाताला थोडेच दिवस झाले होते, सगळ्यांचेच चेहरे ताणलेले. ट्रेजवळचा जवान अगदी कोवळा, चोवीस-पंचवीसचा. मी झिपची पिशवी पुढे केली आणि रांगेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सर, ये फिल्म रोल है, प्लीज हाथ से चेक कीजिए."

"ये क्या है?"

"रोल. कॅमेरे का."

त्याने एक रोल उचलला, कानाशी हलवला. बाहेर आलेली फिल्मची जीभ बोटाने ओढून पाहिली. मला घाम फुटला. आणि लक्षात आलं की या मुलाने आयुष्यात फिल्मचा रोल पाहिलेलाच नाही. का पाहावा? त्याच्या जन्माच्या वेळी हे चार रोल आमच्या माळ्यावर जाऊनही पडले होते.

"खोल के दिखाओ."

"सर, खोलेंगे तो खतम. इसमें फोटो हैं."

"फोटो हैं तो दिखाओ."

आता याला काय उत्तर देणार? उजेडात उघडलं की फोटो जातो, आणि उघडल्याशिवाय फोटो दिसत नाही. एखाद्या कीर्तनकाराने यावर तासभर निरूपण केलं असतं. मागे रांग खोळंबलेली. मी म्हटलं, "मेरे पिताजी ने खींचे थे. वो नहीं रहे." हे वाक्य मी वापरणार नाही असं रिक्षात ठरवलं होतं. तरी वापरलं. आणि फोटो बाबांचे नव्हते, पाड्यावरच्या कुणाचे तरी होते, हे काही मी सांगितलं नाही.

त्याने साहेबांना हाक मारली. साहेब पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. त्यांनी पिशवी हातात घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "छत्तीस वाला?"

"जी."

बस्स. मग त्यांनी ती स्फोटकांचे कण शोधायची पट्टी मागवली, चारही रोलवरून नीट फिरवली, मशीनमध्ये घातली. हिरवा दिवा. पाच मिनिटं लागली असतील. पिशवी माझ्या हातात देताना जवानाला म्हणाले, "इसको मशीन में नहीं डालते, खराब होता है." तो मुलगा खरोखर लक्ष देऊन ऐकत होता.

मी इतका हलका झालो होतो की उरलेल्या बॅगेकडे माझं लक्षच नव्हतं. ती मशीनमधून कधीच पलीकडे गेली होती आणि दुसऱ्या जवानाने बाजूला काढून ठेवली होती. आतून निघाला बाबांचा पेंटॅक्स.

"ऑन करके दिखाइए."

के-१००० ला ऑनचं बटणच नाही. अख्खा यंत्राचा कॅमेरा, बॅटरी फक्त उजेड मोजायला. हे सांगत बसलो तर पुन्हा साहेबांना बोलवावं लागेल, म्हणून मी म्हटलं, बघा, असा चालतो. लिव्हर ओढली. आणि ओढताना डावीकडची रीवाइंडची खुंटी गर्रकन फिरली.

ज्यांनी फिल्म वापरली आहे त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. खुंटी फिरते म्हणजे आत रोल आहे.

पण बोट थांबलं नाही. खटाक. जवान म्हणाला, "ठीक है, जाइए." मी काउंटर पाहिला. पंधरा.

म्हणजे चार रोलसाठी मी विनवण्या केल्या, आणि पाचवा, बाबांच्या हातातला शेवटचा, माझ्या डोळ्यांसमोरून एक्स-रेतून गेला. वर त्यावर मी सुरक्षा तपासणीचा फोटो काढला. निषिद्ध जागी, सुरक्षा दलाच्याच सांगण्यावरून. गेटजवळच्या खुर्चीत बसून मी आधी हसलो आणि मग बराच वेळ काहीच करू शकलो नाही. केस उघडून पाहायचं सुचलं नाही, आईलाही सुचलं नाही. आणि मी म्हणे टेस्टिंगच्या लोकांना बेसिक चेकलिस्टवरून बोलतो.

विमानात फाळक्यांची आठवण झाली. ते आमच्या घाटाच्या वरचे, त्र्यंबकचे. १९१२ मध्ये बोटीने लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला त्यांनी. पुढे स्टुडिओ नाशिकला नेला, तेव्हा नाशिक-मुंबई ये-जा याच घाटातून असणार. त्या काळातली फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या व्हॉल्टला आग लागली, त्यात प्रभातचा केवढा तरी ठेवा गेला. तेव्हा कॅमेऱ्याच्या सामानात पेटणारं काहीतरी असतं, हा संशय लिथियमपेक्षा बराच जुना आहे.

लॅबवाल्याला पाचही रोल दिले. सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, मग तर बरंच झालं, तुलना करता येईल. मला ते ऐकून राग यायला हवा होता. पण खरं तर मीही तोच विचार करत होतो.

तीन आठवड्यांनी स्कॅन आले. लग्नाच्या चारपैकी एक रोल पूर्ण कोरा, ओल आत शिरलेली. दुसऱ्यावर नुसती सावली. तिसऱ्यावर अकरा फोटो ओळखता येण्यासारखे, चौथ्यावर सत्तावीस. धुक्यातून आल्यासारखे, दाणेदार, रंग अजिबात नाही. हळदीचासुद्धा फोटो काळा-पांढरा. पण माणसं आहेत. मांडवाचे डहाळे, वाजंत्री, जमिनीवर बसलेली पंगत, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत कोपऱ्यात कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं एक शेंबडं पोर.

आणि कॅमेऱ्यातला, एक्स-रे खाल्लेला? तो या दोन चांगल्या रोलच्या तोडीस तोड निघाला. धुकं तेवढंच. पुस्तकी उत्तर बरोबर होतं, माझ्या विनवण्या अनाठायी होत्या. (एका रोलवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. आणि सीटी स्कॅनर असता तर चित्र वेगळं असतं.) चौदा फोटो: दहा निळ्या पडद्यासमोरचे पासपोर्ट, कुणाकुणाचे. दोन स्टेशनच्या बाजूचे. एकात आई ओट्यावर कांदे निवडतेय, तिला फोटो काढल्याचं माहीत नसावं. एकात मी, गाळ्यातल्या बाकावर पुस्तक छातीवर घेऊन झोपलेला. पंधराव्यावर छतातल्या दिव्यांच्या दोन पट्ट्या आणि एक खांदा.

पाऊस आणि प्रोजेक्ट दोन्ही संपायला नोव्हेंबर उजाडला. अडतीस प्रिंट काढून कसाऱ्याला गेलो. आईने तोपर्यंत भाजीवाल्या बाईकडून पत्ता काढून ठेवला होता. डोळखांबच्या पुढे बाइक, शेवटचा तुकडा पायी. भात कापून झालं होतं.

नवरदेव आता पन्नाशीला आलेला. "फोटोवाल्याचा पोरगा का तू? तुझा बाप फार गोड माणूस होता. लग्नात जेवलाच नाही, उजेड जाईल म्हणत होता." त्याचे वडील आठ वर्षांपूर्वी गेले, आई त्याच्याही आधी. प्रिंट ओसरीवर मांडले. घरातली सगळी पोरं, सुना, शेजारचे गोळा झाले. तो एकेक फोटो हातात घेऊन नावं सांगत होता. नवरी, म्हणजे आता सासू झालेली बाई, मागे उभी राहून बघत होती. एका फोटोवर ती पुढे आली. पंगतीत वाढणाऱ्या बायका, त्यातल्या एकीचा चेहरा अर्धा वळलेला.

"ही माझी आये," ती म्हणाली. "हिचा फोटो नव्हता आमच्याकडं."

ते पोर कोण, हेही कळलं. नवरीचा धाकटा भाऊ. आता तो डंपर चालवतो, त्या दिवशी घरी नव्हता.

निघताना मी पाचशे रुपये काढले. म्हटलं, काम वेळेवर झालं नाही, अर्धे फोटो तर गेलेच, हे परत घ्या. नवरदेवाने हात मागे घेतला. आत गेला, बायकोशी काहीतरी बोलला, आणि नोटा मोजत बाहेर आला. नऊशे.

"चौदाशे ठरले होते. माझ्या बाला आठवत होतं शेवटपर्यंत."

मी नको म्हणालो, तो ऐकेना. वीस मिनिटं हे चाललं. शेवटी त्याची बायको म्हणाली, "घ्या हो दादा, नाहीतर ही फुकटची होतील."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मागे कुठल्याशा मालगाडीला बँकर लागत होतं. आईने वही काढली, चष्मा लावला, माझ्याकडून नऊशे मोजून घेतले आणि 'बाकी'समोरच्या मोकळ्या रकान्यात आकडा लिहिला. मग खाली तारीख टाकताना थांबली.

"साल कुठलं टाकू रे?"